दोऱ्याची कात्री

मी आजवर पुष्कळ छापलंय. पाणीपट्टीवर छापलंय, रिक्षाच्या भाड्यावर छापलंय, वागळे इस्टेटच्या कारखान्यांत बायकांसाठी धड संडास नाहीत यावर तर इतक्या वेळा छापलंय की प्रेसवाला आता मजकूर न बघताच मथळा लावतो. नाक्यावर उभं राहून वाटलंय. लोकांनी पुढच्या वळणावर फेकलेलं उचलून परत वाटलंय. पण हे — हे मी यंदापर्यंत कुठे छापलेलं नव्हतं. आईला सांगितलेलं नव्हतं, संघटनेत नव्हतं. आणि जिला सांगायची गरजच नव्हती, कारण ती तिथेच होती, तिच्याशीही यावर एक शब्द कधी बोलले नव्हते.

तर ऐक. आधी दुकानाचं सांगते. कारण दुकानाचं सांगताना माझी मान ताठ असते, आणि मला थोडा वेळ ती तशी हवी आहे.

कोपरला माझ्या काकूचं दागिन्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय — एकीने आत बसायचं, दोघींनी बाहेर उभं राहायचं, तिसरी आली की चपला रस्त्यावर. सोनं नाही. एक ग्रॅमवाल्या ठुश्या, झुमके, बांगड्या. आणि काळ्या मण्यांच्या पोती, ज्या काकू स्वतः गाठवते. त्या पोतींसाठी लोक दिव्यातून येतात, कल्याणहून येतात. काकूने गाठवलेली पोत तुटत नाही. दोरा दुहेरी घेते, प्रत्येक पदराला वेगळी गाठ मारते. दुकान नव्हतं तेव्हाही डोंबिवलीतले सोनार तिला घरी काम आणून द्यायचे. वाट्या त्यांच्या, मणी त्यांचे, गाठ काकूची.

या दुकानाचा एक नियम आहे. नवरा गेलेली कुणीही बाई आली — कुठलीही, कुठल्याही समाजाची — तर तिच्याच मण्यांची, तिला हवी तशी माळ तिला गाठवून मिळते. लांब हवी लांब, गळ्याबरोबर हवी गळ्याबरोबर. वर कानातलं आणि बांगड्या दुकानाकडून. हिरव्या मागितल्या तर हिरव्या. पैसे घ्यायचे नाहीत, नाव विचारायचं नाही, आणि फोटो काढायचा नाही. हे सगळं निघतं कुठून? नवरात्रात टेंभी नाक्याजवळ आम्ही टेबल लावतो. रोजच्या रंगाच्या साडीवर रोजच्या रंगाची माळ, पोरी नुसत्या तुटून पडतात. त्या टेबलाची सगळी कमाई याला जाते. सगळी. काकू त्यातून स्वतःचा चहासुद्धा काढत नाही, चहा मी पाजते.

आणि बाकीचे दान कसं करतात ते तू बघितलंच असशील. एक शिवणयंत्र, त्याला हात लावून चार पुढारी, दोन सराफ आणि मागे कुठेतरी ती बाई — डोक्यावरचा पदर सांभाळत, आपल्याच यंत्रापर्यंत पोचता येत नाही तिला. खाली फलक, फलकावर सराफाचं नाव यंत्रापेक्षा मोठं. मी याच्यावर लिहिलंय. ‘दान करा, तमाशा करू नका’ असा मथळा होता. नावं घेऊन लिहिलेलं, दोन जणांनी फोन करून दम दिलेला, मी त्यांना अजून दोन प्रती पाठवल्या. आमच्या दुकानाचा मला अभिमान आहे. आजही आहे. हे पुढचं सगळं वाचल्यावर तुला वाटेल की हिने तो अभिमान खोटा मिरवला — नाही. दुकान खरं आहे. खोटी मी आहे.

दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक डबीत एक पत्रक असतं. मीच लिहिलेलं. त्यात असं आहे: ‘आमच्या घरात काका गेले, तेव्हा बायका काकूचं मंगळसूत्र तोडायला पुढे आल्या. घरातल्या मुलीने त्यांना थांबवलं. त्याच दिवशी या दुकानाची सुरुवात झाली.’

पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं खोटं आहे. तिसरं दुसऱ्याच्या पायावर उभं आहे, म्हणजे तेही गेलं.

घरातली मुलगी — मीच.

काका वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते. सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी कारखान्यातल्या माणसांनी त्यांना आणलं. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि संघटनेत नवी नवी. खांद्याला पिशवी असायची, पिशवीत पत्रकं. त्या दिवशी त्या पिशवीत कुठली पत्रकं होती सांगू? ‘बांगड्या फोडू नका, मंगळसूत्र तोडू नका.’ हो. तीच. शाईचा वास जात नव्हता अजून. आणि आम्ही तर धम्मातली माणसं. हॉलमध्ये बुद्धाची तसबीर. असलं काही आमच्याकडे चालत नाही, आमच्या आजोबांनीच हे सगळं सोडलं — असं मी वर्गात मुलींना ऐकवायचे. थोडी ऐटीतच.

आत्या गावाहून आलेली. माझ्या वडिलांची मोठी बहीण. वाईट बाई नाही ती, हे मला सांगायलाच हवं. रडून रडून तिचा आवाज बसलेला, तिचा धाकटा भाऊ गेलेला. ती आणि शेजारच्या दोघी-तिघी काकूला मोरीजवळ घेऊन बसल्या. कुंकू पुसलं. बांगड्या फोडल्या. मी दारात उभी होते, पिशवी खांद्यालाच. मग आत्याने मंगळसूत्राला हात घातला आणि ओढलं.

तुटलं नाही.

परत ओढलं. काकूची मान पुढे आली, पण दोरा नाही तुटला. कसा तुटेल? तिने स्वतः गाठवलेला होता, दुहेरी, पदराला पदर वेगळी गाठ. शेजारची एक बाई म्हणाली, "अहो जाऊ द्या ना, डोक्यावरून काढा." आत्या म्हणाली, "काढायचं नसतं, तोडायचं असतं." आणि तिने दाराकडे बघितलं. माझ्याकडे.

"बाबू, कात्री बघ गं कुठेय."

काकूनेही बघितलं. मला वाटत होतं ती रडत असेल. नव्हती. ती नुसती बघत होती — आपण ओळखीच्या माणसाकडे बघतो ना, तसं. मी तिला आदल्याच आठवड्यात पत्रक वाचून दाखवलं होतं. तिने ओट्याशी उभं राहून ऐकलं होतं, म्हणालेली, "बरंय. कुणीतरी बोलायलाच हवं."

कात्री कुठे आहे हे त्या घरात फक्त दोघींना माहीत होतं. तिला आणि मला. मण्यांच्या डब्यात, झाकणाखालच्या कप्प्यात, लाल दांड्यांची, फक्त दोऱ्याची कात्री. त्या कात्रीने कुणी कागद कापला तरी काकू ओरडायची. मी म्हणू शकले असते, सापडत नाही. एवढंच. थांबवायचं सोड, भाषण सोड, नुसतं ‘सापडत नाही’ म्हणायचं होतं. मी गेले, झाकण उघडलं, कात्री काढली आणि आत्याच्या हातात दिली.

का दिली?

या ‘का’भोवती मी बरीच फिरलेय. घाबरले होते, असं लिहून बघितलं — जमत नाही, खोटं वाटतं. आत्याला मी कधीच घाबरले नाही. खरं ऐकायचंय? त्या दारात मी कधीची नुसती उभी होते, रडायलाही येत नव्हतं, हातांचं काय करायचं कळत नव्हतं. आणि कुणीतरी मला काम सांगितलं. मला बरं वाटलं. कात्री आणायला जाताना, त्या तेवढ्या चार पावलांत, मला चक्क बरं वाटलं.

आत्याने कात्री लावली तेव्हा काकू एकच वाक्य बोलली. "जपून. मणी सांडतील."

सांडले. काकूने ते स्वतःच वेचले, ओल्या फरशीवरून, आणि पदराच्या टोकाला बांधले. मी एकही उचलला नाही.

आता पत्रकातल्या तिसऱ्या वाक्याचं. दुकानाची सुरुवात त्या दिवशी झाली नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, त्यानंतर एका दुपारी झाली. काकूने पदरातले मणी ताटलीत काढले, खिडकीपाशी बसली आणि ओवायला लागली. मी समोर पुस्तक घेऊन बसलेले, वाचत नव्हते. वाट्या तिने घेतल्या नाहीत. गळ्याबरोबर बसेल अशी आखूड माळ केली, मध्ये एक पांढरा मोती. शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला. कात्री शेजारीच पडलेली होती.

माळ गळ्यात घातली आणि मासळी आणायला गेली. खाली एक शेजारीण म्हणाली, "अगं हे काय घातलंयस?"

"माळ. का, दिसत नाही?"

एवढं बोलून ती सुरमईचा भाव करायला निघून गेली. काही दिवसांनी तीच शेजारीण आपल्या जावेला घेऊन आली. जावेच्या रुमालात मणी बांधलेले. मग कुणी टिटवाळ्याहून, कुणी ठाकुर्लीहून. पैसे घेऊ का नको याचा काकूने कधी विचारच केला नाही, म्हणाली, "मणी तिचे, मी कशाचे घेऊ?" दुकान नंतर आलं. टेंभी नाक्याचं टेबल त्याहून नंतर. सगळं तिचं. तिला कुणी वाचवलं नाही, तिच्यासाठी कुणी आडवं आलं नाही. गळ्यातून कापून टाकलेलं तिने स्वतः वेचलं, ओवलं, आणि परत गळ्यात घातलं. याच्याएवढं शौर्य मी कुठल्या मोर्चात बघितलेलं नाही. आणि ते मी ढापलं.

ढापलं कसं ते सांगते. कल्याणला एका सभेत मी याच विषयावर बोलत होते. जोरात बोलत होते, मला येतं तसं. मागून एक बाई उठली, वयस्कर, नऊवारीतली. म्हणाली, "भाषण झ्याक आहे पोरी. पण तुझ्या घरातलं कुणी गेलं तेव्हा तू काय केलंस, ते सांग की."

मी म्हणाले, "थांबवलं."

एक शब्द. टाळ्या पडल्या. ती बाईसुद्धा वाजवत होती. तोंडातून निघून गेला, असं म्हणू? मग पुढच्या सभेला मी तो स्वतःहून का बोलले? त्यापुढच्या सभेत मी आत्याचा हात धरला होता. नंतर नंतर तर मी मोरीच्या दारात आडवी उभी होते, पिशवीसकट. गोष्ट वाढत गेली, मला पाठच झाली. दुकानाचं पत्रक लिहायला बसले तेव्हा ती तीन वाक्यं एका दमात उतरली. खाडाखोड नाही.

प्रेसमधून गठ्ठा आणून मी काकूसमोर ठेवला. तिने एक प्रत घेतली, उभ्याने वाचली. मी झुमक्यांच्या फिरक्या तपासत होते, निदान तसं दाखवत होते. तिने पत्रकाची घडी घातली, एका डबीत ठेवली. मग दुसऱ्या डबीत दुसरी.

"छान लिहिलंयस," म्हणाली. "अक्षर मोठं ठेव जरा. म्हाताऱ्या बायकांना वाचता येत नाही."

तेवढंच. तेव्हापासून ती स्वतःच्या हाताने ते पत्रक प्रत्येक डबीत घालत आली. माझं खोटं, तिच्या हाताने, प्रत्येक डबीत. आणि मी त्या लाल दांड्यांच्या कात्रीला हात लावत नाही. दुकानात ती गल्ल्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते. काही कापायचं असलं तर मी ब्लेड वापरते. काकूच्या लक्षात आलं नसेल? तिच्या लक्षात सगळं येतं.

असंच चालून गेलं असतं. पण यंदा अश्विनी आली.

अश्विनी कल्याणची, माझ्याहून लहान, एका औषधांच्या दुकानात कामाला. आईला घेऊन आलेली. आईच्या गळ्यात मंगळसूत्र, वाट्यांसकट. त्याचा दोरा झिजलेला, तो बदलून हवा होता. काकूने विचारलं, "असंच गाठवू की आखूड करू?" आई म्हणाली, "असंच. जसंच्या तसं." मग अश्विनीचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही त्याच ना? पत्रकातल्या? सभेत ऐकलंय तुम्हाला." आणि तिने पर्समधून पत्रक काढलं. घड्या पडून मधोमध फाटायला आलेलं, तिथे चिकटपट्टी लावलेली.

तिचे वडील दिवाळीनंतर गेले. चुलत्या मंगळसूत्र तोडायला आल्या तेव्हा ती मोरीच्या दारात आडवी उभी राहिली. "तुमच्यासारखीच, ताई," म्हणाली. वडिलांच्या भावाने तिच्या थोबाडीत मारली, सगळ्यांदेखत. ती हलली नाही. तेव्हापासून वडिलांकडचं एकही माणूस त्यांच्या दारात आलेलं नाही, चुलतबहिणीच्या लग्नाचं बोलावणंही नाही. हे सगळं ती मला सांगत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं माहितीये? आपण दोघी एकच, असा आनंद. "मला सारखं वाटत होतं, ताईंनी केलं म्हणजे होतं. करता येतं."

बोल, याला काय म्हणायचं? खोट्यातून खरं उगवलं म्हणून समाधान मानायचं? एक क्षण मी मानलंसुद्धा, लपवत नाही. मग ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे महिला मेळावा आहे. मला बोलायला सांगितलंय. मला नाही जमायचं एकटीला. आधी तुम्ही तुमचं सांगा, मग मी माझं सांगते. चालेल ना?"

काकू मणी ओवत होती. तिचा हात थांबला नाही, पण संथ झाला.

मी तिथेच सांगितलं. काउंटरला धरून, अश्विनीसमोर, तिच्या आईसमोर. मी थांबवलं नाही. आत्याने कात्री मागितली, ती कुठे आहे ते मला माहीत होतं, मी आणून दिली. पत्रकात आहे ते माझं नाही. काकूने स्वतः जे केलं ते मी माझ्या नावावर लावलं. लांबण लावली नाही. लावता आली असती, मला येतं.

अश्विनीने पत्रकाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी मार खाल्ला तो..." आणि थांबली. चिडली होती. चिडायलाच हवं होतं. तिची आई तिचा हात ओढत म्हणाली, "अशू, जाऊ दे." तिने हात सोडवून घेतला. चिकटपट्टी लावलेलं पत्रक काउंटरवर ठेवलं, माझ्या बाजूला सरकवलं.

"म्हणजे थांबवलं कुणीच नव्हतं."

"नाही."

"मग पहिली मीच की."

हसून नाही म्हणाली. खात्री करून घेतल्यासारखी म्हणाली. माझ्याआधी काकू बोलली, मान वर न करता, "हो. तूच. मेळाव्यात तूच बोल. हिला खाली बसव, ऐकेल."

मग तिने शेवटची गाठ मारली, दोरा ताणून धरला आणि मोकळा हात माझ्याकडे केला.

"कात्री दे."

खिळ्यावरून काढून मी ती तिच्या हातात दिली. तिने दोरा कापला, मंगळसूत्र अश्विनीच्या आईच्या गळ्यात घातलं, आरसा पुढे केला. "बघा, बरोबर बसतंय का."

मेळाव्याला मी गेलेले. खाली बसले, काकूशेजारी. अश्विनी बोलताना अडखळली, कागद हातातून पडला, मग कागदाशिवायच बोलली. थोबाडीत मारल्याचं सांगितलं, लग्नाचं बोलावणं आलं नाही तेही सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या, माझ्या त्या एका शब्दाला पडलेल्या त्याहून कमी. हॉल बराच रिकामा होता. पण त्या तिच्या होत्या. काकूने वाजवल्या, गळ्यातली आखूड माळ नीट केली आणि म्हणाली, "पोरगी खमकी आहे."

जुनी पत्रकं मी दुकानातून उचलली. जी डब्यांबरोबर घरोघरी गेली ती परत येणार नाहीत. नवीन छापायला टाकलंय, नवरात्राच्या टेबलावर तेच असेल, प्रत्येक डबीत तेच जाईल. त्यात लिहिलंय: ‘काका गेले तेव्हा काकूचं मंगळसूत्र तुटत नव्हतं. पुतणीने कात्री आणून दिली. काकूने मणी स्वतः वेचले आणि स्वतः ओवले. हे दुकान तिचं आहे.’ खाली माझं नाव, पूर्ण.

या वेळी अक्षर मोठं ठेवलंय.